गिटारच्या कॅबिनेटमधील खर्ज कसा सुधारावा

गिटारचा आवाज पातळ वाटू लागला की बहुतेक वादक प्रथम ॲम्पवरील बेसचे बटण पुढे फिरवतात आणि तेवढ्याने भागले नाही तर नवा स्पीकर घेण्याच्या विचाराला लागतात. वस्तुतः खर्जाची बरीचशी गळती स्पीकरमध्ये नसून कॅबिनेटची, म्हणजे स्पीकरच्या पेटीची, पाठ, तिच्यातील फटी, तारांची जोडणी आणि पेटी ठेवण्याची जागा यांतून होत असते, आणि यांपैकी काही दोष तर एक पैसाही न खर्चता दूर करता येतात. बटणाच्या उपायाला मुळातच मर्यादा आहेत. कोणत्याही वारंवारतेचा आवाज ३ डेसिबलने वाढवायचा असेल तर त्या वारंवारतेला दुप्पट शक्ती पुरवावी लागते आणि १० डेसिबलसाठी दहापट. शिवाय बंद पेटीत तोच आवाज एक सप्तक खाली तितक्याच जोराने काढायचा झाल्यास स्पीकरच्या कोनाला, म्हणजे त्याच्या शंकूसारख्या हलत्या पडद्याला, चौपट अंतर पुढे-मागे हलावे लागते. गिटारच्या स्पीकरचा कोन फार हलण्यासाठी बनवलेलाच नसतो, त्यामुळे बटण टोकाला नेल्यावर खर्ज वाढण्याऐवजी आवाज फाटू लागतो.

उपायांकडे वळण्यापूर्वी गिटारचा खर्ज म्हणजे नेमका कोणता पट्टा, हे निश्चित करणे आवश्यक आहे. नेहमीच्या पद्धतीने लावलेल्या सहा तारांच्या गिटारची सर्वांत जाड तार, म्हणजे खालचा ई, ८२.४ हर्ट्झला वाजते. ती ‘ड्रॉप डी’साठी उतरवली की ७३.४ हर्ट्झवर येते आणि सात तारांच्या गिटारचा खालचा बी ६१.७ हर्ट्झपर्यंत पोचतो. बेस गिटारचा ई मात्र गिटारच्या खालच्या ईहून एक सप्तक खाली, ४१.२ हर्ट्झला असतो. तार वाजते तेव्हा तिच्या मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे स्वरही उमटतात, ज्यांना संनादी स्वर म्हणतात. तानपुऱ्याच्या षड्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो असाच पाचवा संनादी होय. खालच्या ई तारेचे १६५ आणि २४७ हर्ट्झचे संनादी पुरेसे भरदार असतील तर मूळ ८२ हर्ट्झचा स्वर दुबळा असूनही कान तो पूर्ण करून घेतो. म्हणून वादक ज्याला वजन किंवा ठोका म्हणतात तो मुख्यतः ८० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, आणि त्याखालच्या पट्ट्याच्या मागे लागण्यात फारसे हशील नाही. वाद्यवृंदात ती जागा बेस गिटार आणि ड्रमचा किक यांची असते. तिथे गिटारही उतरली तर तिन्ही वाद्ये एकमेकांत मिसळून सगळ्यांचाच खर्ज गढूळ होतो.

प्रत्येक स्पीकरच्या हलत्या भागाची एक स्वाभाविक वारंवारता असते, जिला अनुनादाची वारंवारता म्हणतात आणि जिच्याखाली स्पीकरची ताकद वेगाने ओसरते. सेलेस्टियन कंपनीचे १२ इंची ‘व्हिंटेज ३०’ आणि ‘ग्रीनबॅक’ हे गिटारवादकांत प्रसिद्ध असलेले दोन्ही स्पीकर सुमारे ७५ हर्ट्झच्या अनुनादाचे आहेत, म्हणजे खालच्या ई स्वराच्या किंचित खाली. गिटारच्या पल्ल्याला स्पीकर तोकडा नाही, हे यावरून उघड होते. मग तो स्वर हरवतो कुठे?

याचे पहिले उत्तर पेटीच्या पाठीत सापडते. फेंडरच्या ‘डिलक्स रिव्हर्ब’ किंवा ‘ट्विन रिव्हर्ब’सारख्या कॉम्बोची, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेल्या यंत्राची, पाठ अर्धवट उघडी असते. कोन पुढे सरकतो तेव्हा समोरच्या हवेवर दाब पडतो आणि त्याच क्षणी मागच्या हवेत विरळपणा निर्माण होतो, म्हणजे मागून निघणारी लहर पुढच्या लहरीच्या नेमकी उलट असते. ८२ हर्ट्झच्या लहरीची तरंगलांबी चार मीटरहून अधिक भरते, तर पेटीला वळसा घालून मागून पुढे येण्याचे अंतर अर्धा-पाऊण मीटरच असते. एवढ्या थोड्या वाटेत लहरीची कला, म्हणजे तिच्या चढउताराचा टप्पा, फारशी बदलत नाही, आणि उलटी लहर सुलटीला भेटून दोन्ही बऱ्याच अंशी नाहीशा होतात. वरच्या स्वरांच्या लहरी आखूड असल्याने त्यांच्यावर हा प्रसंग येत नाही. परिणामी उघड्या पाठीच्या पेटीत एका मर्यादेखाली खर्ज दर सप्तकाला सुमारे ६ डेसिबलने उतरत जातो. त्या बदल्यात आवाज खोलीभर मोकळा पसरतो, आणि जाझ किंवा कंट्रीच्या वादकांना तोच हवा असतो, त्यामुळे उघडी पाठ हा दोष मानण्याचे कारण नाही.

ज्याला मात्र खर्ज हवा आहे त्याने मागच्या मोकळ्या जागेचा काही भाग झाकून पाहावा. पेटीच्या रुंदीची प्लायची एक पट्टी कापून ती चार स्क्रूंनी तात्पुरती बसवावी आणि मधली फट आधी पंधरा, मग दहा, मग पाच सेंटीमीटर ठेवून तोच तुकडा वाजवावा. फट कमी होत जाते तसा खर्ज भरत जातो आणि आवाजाचा मोकळेपणा कमी होतो, व कुठे थांबायचे हे प्रत्येकाच्या कानाने ठरते. व्हॉल्व्हच्या, म्हणजे निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या, कॉम्बोत मात्र पाठ पूर्ण बंद करणे सर्वथा टाळावे, कारण व्हॉल्व्ह प्रचंड तापतात आणि ती उष्णता बाहेर जाण्याचा मार्ग त्या मागच्या फटीतूनच असतो.

दुसरी गोष्ट जागेची, आणि तिला वादकांकडून मिळते त्याहून कितीतरी अधिक लक्ष मिळायला हवे. पेटी टेबलावर किंवा खुर्चीवर ठेवली की वादकाला स्वतःचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, पण जमिनीचा आधार सुटल्याने खर्ज घटतो. याचे कारण असे की, जमीन किंवा भिंत यांसारखा कठीण पृष्ठभाग स्पीकरला लागून असेल तर खालच्या वारंवारतेचा सर्व दिशांना पसरणारा आवाज तेवढ्याच बाजूला परतवला जातो, आणि अशा प्रत्येक पृष्ठभागामागे तत्त्वतः ६ डेसिबलपर्यंत वाढ मिळू शकते. बंद पाठीची पेटी जमिनीवर, भिंतीला लगटून ठेवली की फरक लगेच जाणवतो, आणि कोपऱ्यात सारली तर खर्ज काही वेळा नको इतका होतो. तीच पेटी भिंतीपासून मीटरभर पुढे आणली तर उलट नुकसान होते: भिंतीपर्यंत जाऊन परत येणाऱ्या लहरीला दोन मीटरचा जादा प्रवास घडतो, ८६ हर्ट्झच्या लहरीच्या दृष्टीने तो अर्धी तरंगलांबी असतो, आणि नेमका खालच्या ई-एफच्या आसपासचा आवाज स्वतःच्याच प्रतिध्वनीशी भिडून क्षीण होतो. उघड्या पाठीच्या पेटीत हे गणित फिरते. तिची मागची लहर मुळातच उलटी असल्यामुळे मीटरभराच्या अंतरावरून परतलेली लहर त्याच वारंवारतेला पुढच्या लहरीशी जुळते, आणि पेटी भिंतीला चिकटवली तर मात्र मागचा आवाज कोंडून बेचव होतो. म्हणून बंद पेटी भिंतीशी आणि उघडी पेटी भिंतीपासून अर्धा ते एक मीटर पुढे, अशी सुरुवात करून नंतर वीतभर इकडेतिकडे सरकवत जावे. मंडपातला रंगमंच फळ्यांचा आणि आतून पोकळ असेल तर फळ्याच घुमू लागतात व खर्जाऐवजी नुसती गुणगुण वाढते. तिथे पेटी जाड फोमच्या तुकड्यावर ठेवणे इष्ट.

एकाहून अधिक स्पीकर असलेल्या पेटीत खर्ज अगदीच गायब असेल तर प्रथम संशय जोडणीवर घ्यावा. दोन स्पीकरांपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या की एकाचा कोन पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघे एकमेकांचा खर्ज खाऊन टाकतात, तर वरचे स्वर जवळपास जसेच्या तसे राहतात, त्यामुळे दोष सहज लक्षातही येत नाही. तपासणीला दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. पेटीचा ॲम्पशी असलेला संबंध पूर्ण तोडावा, पेटीला लावायच्या केबलच्या मोकळ्या पिनेच्या टोकाला सेलचे धन आणि पिनेच्या दांड्याला ऋण क्षणभर टेकवावे, आणि पुढची जाळी काढून बॅटरीच्या उजेडात कोनांकडे पाहावे. खट् असा आवाज होऊन सगळे कोन एकाच दिशेने, शक्यतो बाहेर, सरकले पाहिजेत. एखादा आत गेला तर त्याच्या दोन तारांची अदलाबदल करावी. जेबीएलच्या जुन्या स्पीकरांत लाल टर्मिनलला धन जोडल्यावर कोन आत जातो, म्हणून रंगावर न विसंबता हालचालीवर विसंबावे. याच वेळी एकूण इम्पीडन्स, म्हणजे पेटीकडून ॲम्पला होणारा विद्युत अडथळा, मोजून ठेवणे सोयीचे असते: १६ ओहमचे चार स्पीकर दोन-दोनच्या जोड्यांत एकापुढे एक जोडून त्या जोड्या समांतर जोडल्या की पुन्हा १६ ओहमच भरतात. व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करू नये. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

बंद पेटी खरोखर बंद आहे की नाही हेही पाहावे लागते. हँडलच्या खोबणीची छिद्रे, जॅकची पट्टी, चाकांचे स्क्रू आणि मागची फळी यांतून हवा निसटते आणि मोठ्या आवाजात तिथे फुसफुस ऐकू येते. दोन स्पीकरांच्या हवाबंद पेटीत एकाच्या कोनावर दोन्ही हातांची बोटे पसरून अगदी हलका, समान दाब दिला तर दुसऱ्याचा कोन थोडा पुढे येतो; तो जागचा हलला नाही तर हवा कुठेतरी वाट काढते आहे. मागच्या फळीच्या कडेला दार-खिडक्यांना लावतात ती फोमची चिकटपट्टी लावावी आणि सांध्यांतल्या फटी फेविकॉलमध्ये लाकडाचा बारीक भुसा कालवून बुजवाव्यात, जे काम कोणताही सुतार पाच-दहा मिनिटांत करतो.

यानंतर प्रश्न येतो आकारमानाचा. बंद पेटीतली कोंडलेली हवा स्प्रिंगसारखे काम करून कोनाला मागे रेटते, आणि त्यामुळे स्पीकरचा अनुनाद वर चढतो. पेटी जितकी लहान तितका चढ मोठा. अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये हाच हवेचा स्प्रिंग खुबीने वापरून घरगुती संगीतासाठी लहान आणि तरीही खोल खर्जाचे स्पीकर बाजारात आणले, परंतु त्यांचे कोन अतिशय सैल टांगलेले असत, तर गिटारच्या स्पीकरचा कोन ताठ असतो, म्हणून ती युक्ती इथे तशीच लागू पडत नाही. हिशेबासाठी स्पीकरच्या माहितीपत्रकातील तीन आकडे लागतात: एफएस म्हणजे अनुनादाची वारंवारता, व्हीएएस म्हणजे कोनाच्या टांगणीइतकीच लवचिक असलेल्या हवेचे लिटरमधील आकारमान, आणि क्यूटीएस म्हणजे अनुनादाच्या जागी कोन किती अनिर्बंध डोलतो याचे माप. व्हीएएसला पेटीच्या लिटरने भागून त्यात १ मिळवावा आणि वर्गमूळ काढावे. तेवढ्या पटीने एफएस आणि क्यूटीएस दोन्ही वाढतात. एफएस ७५, क्यूटीएस ०.५ आणि व्हीएएस ६० लिटर असलेला स्पीकर ६० लिटरच्या पेटीत घातला तर पट १.४१ येते, अनुनाद १०६ हर्ट्झवर जातो आणि क्यू ०.७१ होतो, जो समतोल उतारासाठी उत्तम मानला जातो. तोच स्पीकर ३० लिटरच्या पेटीत कोंडला की अनुनाद १३० हर्ट्झवर आणि क्यू ०.८७ वर चढतो: त्या जागी आवाज फुगतो, त्याखाली तो वेगाने ढासळतो, आणि ऐकणाऱ्याला डब्यातून बोलल्याचा भास होतो. पेटी मोठी करणे शक्य नसेल तर आत पॉलिस्टरचा सैल कापूस भरता येतो. हवेच्या आकुंचनातली उष्णता तो शोषतो आणि पेटी आहे त्याहून मोठी असल्यासारखी वागते. तत्त्वतः हा लाभ ४० टक्क्यांपर्यंत असू शकतो, प्रत्यक्षात तो बराच कमी मिळतो, आणि गच्च भरल्यास गिटारच्या मधल्या स्वरांचा तजेला जातो.

बंद पेटीने समाधान होत नसेल तर पोर्टची पेटी करावी. पोर्ट म्हणजे पेटीला मुद्दाम पाडलेले, हिशेबी आकाराचे भोक किंवा नळी. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असता जसा एकच ठरावीक स्वर घुमतो, तसा या नळीतला हवेचा गोळा पेटीतल्या हवेच्या स्प्रिंगवर एका ठरावीक वारंवारतेला डोलतो, आणि तिथे कोनाच्या मागच्या लहरीची कला फिरवून तिला पुढच्या लहरीच्या मदतीला आणतो. बेल लॅबोरेटरीजचे अल्बर्ट थुरस यांना या रचनेचे पेटंट १९३२ मध्ये मिळाले, पण तिचे नेमके गणित ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि नंतर रिचर्ड स्मॉल यांनी मांडले. वर उल्लेखलेले तीन आकडे त्या दोघांच्याच नावाने ओळखले जातात. इलेक्ट्रो-व्हॉइसने आपल्या १२ इंची ‘ईव्हीएम१२एल’साठी आखलेली पोर्टची आटोपशीर पेटी तर गिटारवादकांत ‘थील कॅबिनेट’ म्हणूनच रूढ झाली.

पोर्टच्या पेटीला क्यूटीएस ०.४ च्या आसपास किंवा त्याहून कमी असलेला स्पीकर मानवतो. त्याहून बराच जास्त असेल तर एकाच स्वराभोवती घुमारा येतो. आतून ५० सेंटीमीटर रुंद, ४६ उंच आणि २७ खोल अशी पेटी घेतली तर आकारमान ६२ लिटर होते, आणि स्पीकरने व्यापलेली जागा वजा करता साधारण ६० लिटर उरते. ही पेटी ७५ हर्ट्झला लावायची असेल तर आतून १० सेंटीमीटर व्यासाच्या दोन नळ्या, प्रत्येकी साडेसहा सेंटीमीटर लांबीच्या, पुढच्या फळीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत बसवाव्यात. तेवढ्याच व्यासाची एकच नळी ठेवायची झाल्यास तिची लांबी जवळजवळ शून्य निघते, म्हणजे फळीला नुसते गोल भोक पाडूनही काम भागते. गिटारच्या अनेक पेट्यांना नळी नसून साधे भोकच का असते, याचे उत्तर या हिशेबात आहे. अर्थात नळ्या दोन असल्या की हवेचा वेग निम्मा होतो आणि फुरफुर कमी होते. सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप यासाठी चांगला चालतो, मात्र दुकानात सांगितला जाणारा व्यास बाहेरचा असतो, तेव्हा आतला व्यास मोजून मगच लांबी ठरवावी. नळी आधी दोन सेंटीमीटर जास्तच ठेवावी आणि ऐकत ऐकत कापावी. एक धोका ध्यानात असू द्यावा: पोर्टच्या वारंवारतेखाली कोनाला हवेचा आधार उरत नाही आणि तो बेलगाम हलू लागतो, म्हणून ७५ हर्ट्झला लावलेल्या पेटीतून बेस गिटार जोराने वाजवणे म्हणजे स्पीकर फाडण्याचीच तयारी होय.

लाकडाबद्दल वादकांत जेवढी चर्चा चालते तेवढे त्याचे महत्त्व खर्जाच्या बाबतीत नाही. फळी कंप पावली की खर्जाची शक्ती तिथेच जिरते, एवढेच सूत्र धरून १८ किंवा १९ मिलीमीटरचा मरीन प्लाय घ्यावा, ज्यावर आयएस ७१० हा मानकाचा क्रमांक असतो. स्वस्त कमर्शियल प्लायच्या आतल्या थरांत पोकळ्या निघतात आणि त्या पुढे खरखरतात. चार स्पीकरांच्या मार्शल पेटीत पुढच्या फळीपासून मागच्या फळीपर्यंत एक ठोकळा असतो तो याच कंपनाला आवर घालण्यासाठी. मोठ्या पेटीत असा ठोकळा जरूर घालावा.

स्पीकर बदलणे हा उपाय सर्वांत शेवटी यावा, कारण तो सर्वांत महाग आहे आणि त्यात गैरसमजही पुष्कळ आहेत. मोठा मॅग्नेट म्हणजे मोठा खर्ज, अशी समजूत बाजारात सर्रास आढळते. प्रत्यक्षात मॅग्नेट जितका जोरदार तितका तो कोनाला अनुनादाच्या जागी आवरून धरतो, म्हणून खर्ज नेटका होतो पण प्रमाणात घटतो, आणि उघड्या पाठीच्या पेटीत तर आवाज आणखीच पातळ वाटतो. ७५ ऐवजी ५५ हर्ट्झचा अनुनाद असलेले गिटारचे स्पीकर मिळतात, आणि मोठ्या बंद पेटीत त्यांचा फरक कळतो. स्पीकरांची संख्या एकावरून दोन केली तर तेवढ्याच शक्तीत खालच्या पट्ट्यात सुमारे ३ डेसिबलचा लाभ होतो, जो कित्येकदा महागड्या एका स्पीकरहून स्वस्त पडतो. ॲम्पचाही यात हात असतो: अनुनादाच्या जागी स्पीकरचा इम्पीडन्स अनेक पटींनी चढतो, व्हॉल्व्ह ॲम्पचा ताबा सैल असल्याने त्या जागी तो जास्त व्होल्टेज देतो आणि खर्ज आपोआप फुगतो, तर ट्रान्झिस्टर ॲम्प त्याच पेटीत कोरडा वाटतो. पीव्ही ५१५० सारख्या ॲम्पवर जे ‘रेझोनन्स’ नावाचे बटण असते ते हाच ताबा सैल किंवा घट्ट करते, आणि बंद पेटीबरोबर त्याचा उपयोग बेसच्या बटणाहून अधिक होतो.

प्रत्येक बदलानंतर तपासणी एकाच पद्धतीने व्हावी. लूपर, म्हणजे वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारे यंत्र, असेल तर एक तुकडा त्यात भरून तो वाजत ठेवावा आणि स्वतः तीन-चार मीटर दूर जाऊन ऐकावे, कारण पेटीच्या पुढ्यात उभे राहून खर्जाचा अंदाज येत नाही. आवाजाची पातळीही दर वेळी तीच ठेवावी. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते की कमी आवाजात मानवी कानाला खर्ज मधल्या स्वरांच्या तुलनेत फार क्षीण ऐकू येतो, तेव्हा घरी दबक्या आवाजात ठरवलेला खर्ज मैफलीत अनावर होण्याचा संभव असतो. नंतर जाड तारेवर खालच्या ईपासून ए पर्यंतचे सहाही स्वर सारख्या जोराने एकेक करून वाजवावेत. एखादाच स्वर उसळी मारत असेल तर पेटी अर्धा मीटर सरकवून पुन्हा वाजवावे: उसळी तशीच राहिली तर दोष पोर्टचा किंवा पेटीचा, आणि ती बदलली तर खोलीचा. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत भिंतींमधल्या अंतरांमुळे सुमारे ९४ आणि ११२ हर्ट्झला आवाज साचतो, म्हणजे एफ शार्प आणि मोकळी ए तार तिथे फुगणारच. अशा खोलीत पोर्टची नळी कापायला घेण्यापूर्वी पेटी उचलून दुसऱ्या, शक्य तर मोठ्या खोलीत नेऊन तेच सहा स्वर पुन्हा वाजवून पाहावेत.